संकल्पापेक्षा सोय

एकवीस दिवस एखादी गोष्ट सलग केली की तिची सवय लागते, हे आता शाळकरी पोरंही सांगतात. योगवर्गाच्या जाहिरातीत हा आकडा असतो, कंपनीतल्या प्रशिक्षणात असतो, सकाळच्या व्हॉट्सॲप सुविचारांत तर असतोच असतो. गणपतीला एकवीस दुर्वा आणि एकवीस मोदक वाहणाऱ्या आपल्या माणसांना तो चटकन पटावा यात नवल नाही. पण तो आला कुठून हे पाहिलं तर गंमत वाटते. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. नाकाची किंवा चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांच्या पाहण्यात आलं आणि १९६० साली ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात त्यांनी ते लिहून ठेवलं. मूळ गोष्ट होती नव्या नाकाची. पहाटे उठणं, व्यायाम करणं, हिशेब लिहिणं हे सगळं तिला मागाहून चिकटलं, आणि ‘निदान’ तेवढं वाटेत कुठेतरी गळून पडलं.

सवय लागायला खरोखर किती दिवस लागतात, याचा नीट माग पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. त्यांनी ९६ जणांना रोज करण्याजोगी एकेक गोष्ट निवडायला सांगितली आणि ती दिवसातल्या एका ठरलेल्या प्रसंगाला बांधायला लावली. कुणी दुपारच्या जेवणाबरोबर फळ खायचं ठरवलं, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं पळायचं. बारा आठवडे प्रत्येकानं रोजची नोंद ठेवली. ती गोष्ट मुद्दाम आठवण न करता हातून होऊ लागायला किती दिवस लागले, याचा मधला आकडा निघाला ६६. कुणाचं काम १८ दिवसांतच झालं होतं. कुणाला त्याच चालीनं २५४ दिवस लागतील, असं गणितानं काढावं लागलं, कारण अभ्यासच मुळी ८४ दिवसांचा होता. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर अंगवळणी पडते, व्यायाम उशिरा पडतो. या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. मध्ये एखादा दिवस चुकला, तर फारसं काही बिघडत नाही.

आपल्याकडे नेमाला खंड पडणं म्हणजे अपशकुन. व्रत मोडलं की पहिल्यापासून धरायचं, ही शिकवण आपल्यात इतकी मुरलेली आहे की जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस फिरायला जाणं झालं नाही, की बूट थेट पुढच्या जानेवारीपर्यंत कपाटात जातात. नव्याचे नऊ दिवस म्हणून आपण वर स्वतःला हसूनही घेतो. व्रताचा कायदा व्रतापुरता ठेवावा. सवयीला तो लावला तर आरंभशूरांची संख्या वाढते, दुसरं काही होत नाही.

हे पुस्तक सवयींविषयी आहे. कामात आणि घरात माणूस अधिक उपयोगी, अधिक स्वस्थ कसा होईल याविषयी आहे. या विषयावर पुस्तकांना तोटा नाही. स्टीफन कोवी यांचं १९८९ मधलं सात सवयींचं पुस्तक, चार्ल्स डुहिग यांचं २०१२ मधलं आणि जेम्स क्लिअर यांचं २०१८ मधलं पुस्तक आपल्याकडेही भरपूर वाचलं गेलं. त्यांच्याकडून घेण्यासारखं बरंच आहे आणि मी ते घेतलंही आहे. पण अशी पुस्तकं वाचून झाल्यावर वाचकाच्या मनात बहुधा एकच गोष्ट उरते, ती म्हणजे आपलं मन पुरेसं खंबीर नाही. लेखकाचा तसा उद्देश असो वा नसो, परिणाम हाच होतो. या समजुतीशी माझं भांडण आहे. सवय लागणं किंवा सुटणं हे मनाच्या खंबीरपणापेक्षा माणसाच्या आजूबाजूच्या सोयीवर फार जास्त अवलंबून असतं, एवढंच मला या पुस्तकात सांगायचं आहे. बाकी सगळा त्याचा विस्तार.

अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. चित्रपटगृहात आलेल्या लोकांना फुकट पॉपकॉर्न देण्यात आले. काहींना ताजे दिले, काहींना सात दिवसांचे शिळे. ज्यांना सिनेमा पाहताना पॉपकॉर्न खायची सवयच होती, त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले. विचारलं तेव्हा ते आवडले नाहीत असंही सांगितलं. म्हणजे जिभेला कळत होतं, पण हात थांबत नव्हता. तशाच लोकांना चित्रपटगृहाऐवजी सभेच्या खोलीत बसवून गाण्यांच्या चित्रफिती दाखवल्या, तेव्हा शिळे पॉपकॉर्न त्यांनी ताज्यापेक्षा कमी खाल्ले. आणि चित्रपटगृहातच, पण उजव्या हाताच्या माणसाला डाव्या हातानं खायला लावलं, तेव्हाही तो शुद्धीवर आला. अंधार, खुर्ची, पडदा, मांडीवरचा पुडा, रोजचा हात या सगळ्यांनी मिळून ती सवय धरून ठेवली होती. त्यातली एक कडी काढली की ती सुटत होती.

या प्रयोगामागे असलेल्या वेंडी वुड यांनी त्याआधी विद्यार्थ्यांना तासातासाला ‘आत्ता काय करतोय, कुठे करतोय आणि मनात काय चाललंय’ हे लिहायला लावलं होतं. जवळजवळ रोज, बहुधा त्याच जागी होणाऱ्या कृती निघाल्या सुमारे ४३ टक्के, आणि त्या करताना मन पुष्कळदा भलतीकडेच होतं. दिवसाचा एवढा मोठा भाग जागा, वेळ आणि वस्तू चालवत असतील, तर मनाला रागावून काय मिळणार?

याहून मोठं उदाहरण युद्धातलं आहे. १९७१ साली व्हिएतनाममधून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचं व्यसन इतकं पसरलं होतं की सरकार धास्तावलं. ली रॉबिन्स या संशोधक बाईंकडे त्यांचा पाठपुरावा सोपवला गेला. तिथे असताना आपण व्यसनाधीन होतो, असं जवळजवळ २० टक्के सैनिकांनी सांगितलं होतं. घरी परतल्यावर पहिल्या वर्षात यांपैकी पुन्हा व्यसनात अडकलेले निघाले सुमारे ५ टक्के. ते जंगल मागे राहिलं, ती भीती राहिली, तो कंटाळा राहिला, खिशात पुडी सरकवणारे सोबती मागे राहिले. उलट आपल्या गल्लीतल्या व्यसनी माणसाला केंद्रात तीन महिने ठेवतात आणि बरा झाला म्हणून पुन्हा त्याच गल्लीत, त्याच नाक्यावर, त्याच मित्रांत आणून सोडतात. तो पुन्हा प्यायला लागला की म्हणतात, जित्याची खोड. व्यसनाला शरीराची आणि मनाची इतर कारणं असतात, हे मला मान्य आहे. पण नाक्याचा वाटा आपण हिशेबातच धरत नाही.

वारकऱ्यांनी मात्र तो धरला होता. माळ घालणं ही माझ्या मते आपल्या समाजानं शोधलेली सवयीची सर्वांत चतुर व्यवस्था आहे. गळ्यात तुळशीची माळ आली की दारू आणि मांस वर्ज्य, एकादशी आली, वारी आली. यात संकल्प आहेच. पण खरं काम करते ती माळ दिसण्याची गोष्ट. जत्रेतल्या बोकडाच्या जेवणाला माळकऱ्याची चूल वेगळी मांडली जाते, लग्नात त्याचं ताट वेगळं वाढलं जातं. ‘घे की थोडी, काय होतंय’ असं त्याला कुणी म्हणत नाही, कारण म्हणणाऱ्याचीच शोभा होते. रोज दहा वेळा नाही म्हणण्याचं काम त्याच्या वतीनं अख्खं गाव करतं. शिवाय संध्याकाळी देवळात हरिपाठ असतो. गुत्त्यावर जाण्याची जी वेळ, बरोबर त्याच वेळी टाळ हातात आलेले असतात. जुनी सवय गेली की तिचा तास रिकामा राहतो आणि तो रिकामा तासच माणसाला परत ओढतो, हे ज्यांनी ओळखलं ते मानसशास्त्र शिकलेले नव्हते.

चांगली सवय लावतानाही हेच. सचिन तेंडुलकरच्या बालपणातल्या दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांतली त्याचे प्रशिक्षक आचरेकर सर यांच्या नाण्याची गोष्ट कीर्तनासारखी सांगितली जाते. सरावाच्या शेवटी, अंग थकलेलं असताना, सर यष्टीवर एक रुपया ठेवत. जो सचिनला बाद करील त्याचा तो रुपया, आणि कुणालाच जमलं नाही तर सचिनचा. अशी तेरा नाणी त्यानं जपून ठेवली आहेत. दुसरी गोष्ट सांगताना मात्र कुणाच्या आवाजात चढउतार येत नाही. सरांच्या सल्ल्यानं सचिनची शाळा बदलून त्याला शारदाश्रमात घातलं गेलं आणि वांद्र्याहून दादरला रोजची ये-जा झेपेना म्हणून तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. मैदान पायाखाली आलं. प्रतिभा त्याची स्वतःची होती, त्यात वाद नाही. पण त्या मुलाला रोज सकाळी ‘आज जाऊ की नको’ हा प्रश्नच पडू नये, याची तजवीज मोठ्या माणसांनी करून ठेवली होती. आपण मुलांना नाण्याची गोष्ट सांगतो. पत्ता बदलल्याची गोष्ट मुलांच्या आईवडिलांनी ऐकायची असते.

दासबोधातल्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात लिहिणं कसं असावं हे सांगितलं आहे. समर्थांनी ‘नीट लिहीत जा’ एवढा उपदेश करून हात झटकले नाहीत. लेखणी, शाई, कागद, ओळींमधलं अंतर, समास सोडणं इतक्या बारकाव्यांत ते उतरतात. प्रयत्नवादाचा एवढा मोठा पुरस्कर्ताही सुंदर अक्षराची सुरुवात लेखणी नीट तासण्यापासून करतो, हे आपण ध्यानात घ्यायला हवं.

मी उमेदीची वर्षं बँकेच्या शाखांत काढली. माणसाच्या सवयी पाहायला कॅश काउंटरसारखी जागा नाही. आमच्या काळचा मुरलेला कॅशियर एक चेक पास करून पैसे देताना काय करायचा, ते सांगतो. आधी चेकच्या पाठीवर गिऱ्हाइकाची सही घ्यायची. मग त्याच पाठीवर बॉलपेननं उभी मांडणी: शंभराच्या किती, पन्नासच्या किती, खाली बेरीज. मग नोटा मोजायच्या, पुन्हा मोजायच्या, आणि त्या समोरच्याच्या हातात जाईपर्यंत दुसऱ्या कुणाचा चेक पुढ्यात घ्यायचा नाही. मागून कितीही ‘साहेब, गाडी आहे’ असं ओरडणं होवो. नव्यानं आलेल्या मुलांना ही पाठीवरची मांडणी फुकटची लिखापढी वाटे. संध्याकाळी कॅश टॅली होत नसे तेव्हा तिची किंमत कळे. पाचशे रुपयांचा फरक आला की जुना कॅशियर चेकचा गठ्ठा उलटा करून पाठी पाहत जाई आणि पंधरा मिनिटांत सांगे, ‘इथे शंभराच्या पंचवीस लिहिल्यात, रक्कम दोन हजार आहे.’ ज्यानं पाठी कोऱ्या ठेवल्या, तो रात्री आठपर्यंत शाखेत बसे आणि त्याच्यामुळे किल्लीवाले दोन अधिकारीही बसत. कारण स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दोघांकडे. एकट्याला कुलूप लावता येत नसे.

यात प्रामाणिकपणाचा प्रश्न नव्हता, हुशारीचाही नव्हता. कोऱ्या पाठीवाला बहुधा जास्त हुशारच असे; त्याला आपल्या लक्षात राहील असा भरवसा असे. चांगल्या व्यवस्थेत माणसाच्या स्मरणशक्तीवर आणि त्या दिवशीच्या मनःस्थितीवर कमीत कमी भार टाकलेला असतो, हे मी तिथे शिकलो. रेल्वेच्या इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नलचा रंग हात करून एकमेकांना मोठ्यानं सांगतात, ते याचसाठी. दोघांनाही तो दिसत असतोच. जपानी रेल्वेत बोट दाखवून उच्चार करण्याची हीच पद्धत फार जुनी आहे; तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेनं केलेल्या प्रयोगात अशा उच्चारानं चुकांचं प्रमाण शंभर कृतींमागे २.३८ वरून ०.३८ वर आलं.

शस्त्रक्रियागृहातली गोष्ट याहून बोलकी आहे. ज्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे, ते अमेरिकेतले शल्यविशारद अतुल गावंडे. त्यांच्या पुढाकारानं जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक यादी तयार केली. रुग्ण हाच ना, शस्त्रक्रिया याच बाजूची ना, प्रतिजैविक वेळेवर दिलं ना, अशा त्यातल्या गोष्टी. एक मुद्दा असाही की टेबलाभोवतीच्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. एक दिल्लीतलं होतं. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मोठी गुंतागुंत होण्याचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ वर आणि मृत्यूंचं १.५ वरून ०.८ वर. मोठमोठ्या डॉक्टरांना आपण पाटी-पेन्सिलीवर आल्यासारखं वाटलं असेल, पण आकडे समोर होते.

पुढची गोष्ट तेवढीच महत्त्वाची. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात हीच यादी सरसकट सक्तीची झाली. २०१४ साली १०१ रुग्णालयांचा हिशेब मांडला तेव्हा मृत्यूंत वा गुंतागुंतीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. यादी तीच, खुणाही झालेल्या. टेबलाभोवती माणसं खरोखर थांबून एकमेकांशी बोलत होती का, यावर मग बराच वाद झाला. माझं मत विचाराल तर आपल्या कचेऱ्यांत सवयींच्या नावाखाली जे चालतं त्यातलं निम्मं ओंटारियोच असतं. सकाळची बैठक उभ्यानं घ्यायची म्हणून घेतात आणि कालचंच आज वाचतात. वहीतल्या चौकोनांवर खुणा करण्याचीच सवय लागते, काम बाजूला राहतं. मोबाइलवर पावलं मोजणारे माझे काही मित्र रात्री दिवाणखान्यात येरझाऱ्या घालून दहा हजारांचा कोटा पुरा करतात. त्याला माझी हरकत नाही, पण त्याला फिरणं म्हणू नये.

मग सवय हवी कशासाठी? या प्रश्नाला बगल देणारी पुस्तकं मला अपुरी वाटतात. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्यात राहत आणि मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचं काम करत. ये-जा डेक्कन क्वीननं. पुण्याच्या टेकड्यांवर फिरण्याचीही त्यांना सवय होती. पण फिरताना त्यांची नजर जमिनीवर असे. तिथे त्यांनी अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं गोळा केली, पायवाटांवरच्या देव्हाऱ्यांच्या जागा हेरल्या, आणि त्यातून भारतीय इतिहासाकडे पाहण्याची नवी रीत उभी राहिली. त्याच टेकड्यांवर आजही शेकडो लोक रोज चढतात आणि तब्येत राखतात, तेही चांगलंच. फक्त एवढंच की पावलं मोजण्याच्या यंत्रात हा फरक दिसणार नाही.

पांडुरंग वामन काणे यांचं उदाहरण मला प्रस्तावना लिहायला बसलं की हटकून आठवतं. गिरगावातल्या आंग्रेवाडीत राहून, उच्च न्यायालयात वकिली सांभाळून त्यांनी ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची आवृत्ती सिद्ध केली. तिला धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना जोडावी असं त्यांच्या मनात होतं. ती प्रस्तावना वाढत गेली. पहिला खंड १९३० साली आला, पाचवा पुरा व्हायला १९६२ साल उजाडलं, पानं झाली साडेसहा हजारांच्या घरात. पुढच्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. वाचकांनी घाबरू नये, माझी प्रस्तावना लवकरच संपते आहे. पण तीस वर्षांहून अधिक काळ रोज थोडं लिहीत राहणं हे कुठल्याही संकल्पाच्या जोरावर होत नाही. विषयाची ओढ असते आणि मेजावर कालचं पान उघडंच पडलेलं असतं, तेव्हा ते होतं.

काटेकोर सवयींचा आद्य प्रवर्तक म्हणून बेंजामिन फ्रँकलिनचं नाव घेतात. त्यानं तेरा सद्‌गुणांची यादी केली, एका छोट्या वहीत प्रत्येकाला पान दिलं, तांबड्या शाईनं आठवड्याचे सात रकाने आखले आणि चुकेल तिथे काळा ठिपका द्यायचं ठरवलं. एका आठवड्यात एकाच गुणाकडे लक्ष. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार. यादी आधी बाराचीच होती. ‘तू गर्विष्ठ समजला जातोस’ असं एका मित्रानं तोंडावर सांगितल्यावर तेरावा गुण नम्रतेचा आला. व्यवस्थितपणा आपल्याला कधीच साधला नाही, हेही त्यानं आत्मचरित्रात मोकळेपणी लिहून टाकलं. मला हा माणूस आवडतो. पण त्याच आत्मचरित्रात आणखी एक ओळख होते, ती त्याच्या बायकोची. डेबोरा पुस्तिका घड्या घालून शिवायची, दुकान सांभाळायची, कागद बनवणाऱ्यांसाठी चिंध्या विकत घ्यायची. तिच्या वहीचे रकाने कुणी आखले नाहीत.

या विषयावरच्या पुस्तकांत हे पान नेहमी कोरं राहतं. पहाटे पाचला उठून दोन तास लिहिणाऱ्या लेखकाच्या पुढ्यात चहा कोण ठेवतं, संध्याकाळी रियाझाला बसलेल्या गवयाच्या घरी दार कोण उघडतं, याची नोंद नसते. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून हिंगण्याच्या आश्रमापर्यंत पायी जात. त्यांच्या त्या पायपिटीला महाराष्ट्रानं हात जोडले, ते योग्यच. पण त्याबरोबर बाया कर्वे यांचं ‘माझे पुराण’ही वाचावं. असा नेमाचा आणि त्यागाचा माणूस नवरा म्हणून वाट्याला आला की घराचा गाडा ओढणाऱ्या बाईला काय काय करावं लागतं, ते त्यात आहे. तेही कुरकुरीचा सूर न लावता.

म्हणून या पुस्तकातलं सातवं प्रकरण मी घरातल्या वेळावर लिहिलं. नोकरी करून घर सांभाळणाऱ्या बाईला ‘रोज सकाळी सहा ते सात हा तास स्वतःसाठी राखून ठेवा’ असा सल्ला देणं म्हणजे शुद्ध चेष्टा आहे. विरार लोकलमध्ये दारात उभं राहून दोन तास जाणाऱ्या माणसाला आणि आठवड्याला पाळी बदलणाऱ्या परिचारिकेलाही तो लागू पडत नाही. घड्याळ ज्यांच्या मालकीचं नाही, त्यांनी सवय घड्याळाला बांधू नये, प्रसंगाला बांधावी. पोरांची स्कूलबस गेली की दहा मिनिटं, ड्यूटीवरून येऊन गणवेश बदलला की पाच मिनिटं, गाडीत खिडकी मिळाली तर दोन पानं. अमुक झालं की तमुक करीन, असं नेमकं ठरवून ठेवल्यानं काम होण्याची शक्यता वाढते, हे पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं आहे. आपल्या आज्यांना ते अभ्यासाविना ठाऊक होतं. दिवेलागण झाली की परवचा.

पुढच्या प्रकरणांत झोपेपासून पैशाच्या हिशेबापर्यंत आणि कचेरीतल्या ईमेलपासून वाचनापर्यंत बरंच काही आहे. मोबाइलवरचं प्रकरण सर्वांत लांबलं, कारण तिथे आपल्यासाठी सोय करून ठेवणारे दुसरेच आहेत आणि ते फार हुशार आहेत. मधुमेहासारख्या आजारात डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य कसं पाळता येईल याचा विचार एका प्रकरणात आहे. पथ्य कोणतं हे मात्र डॉक्टरांनाच विचारावं. नैराश्यानं किंवा दारूनं ग्रासलेल्या माणसाला पुस्तक पुरत नाही. त्यानं वेळ न घालवता तज्ज्ञांकडे जावं.

वाचकाला दोनच विनंत्या. हे पुस्तक एका बैठकीत संपवू नका. पहिली तीन प्रकरणं वाचून एकच गोष्ट निवडा, तीही इतकी लहान की कुणाला सांगायची लाज वाटावी, आणि ती अंगवळणी पडेपर्यंत चौथं प्रकरण उघडू नका. यात दोन महिने गेले तर जाऊ द्यात. आणि सातवं प्रकरण एकट्यानं वाचू नका. तुमच्या नेमासाठी घरात ज्यांना आधी उठावं लागणार आहे, त्यांना ते मोठ्यानं वाचून दाखवा आणि मगच गजर लावा.